बंद करतानाचं उत्तर

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. म्हणून आदल्या आठवड्यात लेकीनं त्यांचा आवाज साठवायला घेतला. ती प्रोग्रामर, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम तिनं एका बैठकीत लिहून काढला. बाबा रोज तासभर बोलत आणि ते बोलणं फाइल होऊन दुसऱ्या खोलीतल्या सामायिक डिस्कवर जाई.

तीस वर्षं बाबांनी स्टेशनच्या सामानघरात, नंबर कोरलेला पितळी बिल्ला देऊन, प्रवाशांच्या पेट्या सांभाळल्या होत्या. पाच दिवस तिथल्याच गमती चालल्या. सहाव्या दिवशी ते म्हणाले, "आज तू बाहेर बस. हे तुझ्यासाठीच आहे, पण माझ्यादेखत ऐकू नकोस."

ती दाराबाहेर बसली. आतला आवाज कानावर येत होता, शब्द मात्र कळत नव्हते.

ऑपरेशन पार पडलं. बाबा घरी आले ते हातात पाटी घेऊनच. तीन आठवड्यांनी तिनं मन घट्ट करून त्या फाइली उघडल्या. पाच व्यवस्थित वाजल्या. सहावी रिकामी होती.

दुपारभर शोधल्यावर चूक सापडली. ती तिचीच होती. तिनं बाबांपाशी बसून सगळं सांगितलं. बाबांनी पाटीवर लिहिलं, 'कसं?'

तिनं त्यांना कळेल असं समजावलं. फाइल उघडली की संगणक एक नंबर देतो, तुमच्या पितळी बिल्ल्यासारखा. पुढे लिहा म्हणा, वाचा म्हणा, बंद करा म्हणा, दर वेळी तोच नंबर दाखवायचा. आणि दर वेळी संगणक उत्तर देतो: झालं, किंवा नाही झालं. त्या दिवशी डिस्क भरत आली होती. लिहिताना संगणकानं बोलणं तात्पुरतं स्वतःजवळ ठेवून घेतलं आणि झालं म्हणाला. बंद करताना ते डिस्कवर पाठवायला गेला, तेव्हा त्याला कळलं की जागाच नाही. त्यानं तसं सांगितलंही.

"उघडताना विचारलं, लिहिताना विचारलं," ती म्हणाली. "बंद करताना काय चुकणार, म्हणून उत्तर पाहिलंच नाही."

हाताखालच्या पोरांना ती याच गोष्टीवरून धारेवर धरायची. बाबांनी लिहिलं, 'बिल्ला परत घेताना मी काय विचारायचो?'

तिला ते पाठ होतं. "सगळं मिळालं ना?" प्रवासी हो म्हणेपर्यंत ते खिडकीवरून हलत नसत. मागे रांग कितीही ओरडो.

"बाबा, काय बोलला होतात?"

ते बराच वेळ लिहीत राहिले. मग सगळं तळहातानं पुसलं आणि एवढंच लिहिलं, 'तोंडानंच सांगायचं होतं.'

संध्याकाळी तिनं प्रोग्राम उघडला. साठवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तरी बंद करण्याच्या ओळीखाली तिनं राहिलेली तपासणी लिहिली, बाकीच्या ओळींना होती तशीच. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. भरलेल्या डिस्कवर तिनं प्रोग्राम चालवून पाहिला. पडद्यावर अक्षरं आली: जागा नाही, फाइल साठली नाही.

बाबांनी ती बोट ठेवून वाचली आणि मान हलवली, प्रवाशानं हो म्हटल्यावर खिडकीवर हलवायचे तशी. त्यांचा हात खडूनं अजून पांढरा होता.