चारशे अकरावं कार्ड

आमच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत, नवं काम आलं, की मीटिंगची खोली एक हात लांब होते. क्षेत्रफळ तेवढंच राहतं, त्यामुळे ती थोडी अरुंदही होते. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आत जाताना जाड फाइल नेऊ नये, अशी सूचना दारावर लावली आहे.

आम्ही डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. कामांची कार्डं लांब भिंतीवर ओळीने चिकटवलेली असतात. खिडकीकडची पहिली वीस पुढच्या रिलीजमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, जातात. खिडकीपाशी आमचे मॅनेजर खानविलकर सर बसतात.

गुरुवारी लोखंडेबाईंचा फोन आला. त्या एका तालुक्याच्या केंद्रात टेक्निशियन आहेत.

"शर्वाणी मॅडम, काल परत मशीन बंद पडलं. आमचे कोंडिबा आजोबा दोन एसट्या बदलून आले अन् तसेच माघारी गेले. पाय सुजलेत त्यांचे. मशीन बंद पडलं की पेशंटला मेसेज जाईल, असं तुम्ही दोन वर्षांमागं म्हणाला होतात."

"ते कार्ड भिंतीवर आहे," मी म्हणाले.

"तुमच्या भिंतीवर असून आजोबांना काय कळणार?"

मी दाराजवळचं ते कार्ड उपटलं, चारशे अकरावं, आणि खिडकीकडे निघाले. रिलीजची यादी त्याच दुपारी ठरणार होती.

एकशेसाठाव्या कार्डाखाली आमचा प्रोग्रामर फिरोज बसला होता. मागच्या महिन्यात तो कामांचे अंदाज द्यायला आत आला होता. दाढी छातीपर्यंत आली होती.

"याला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

त्याने कार्ड पाहिलं. "तीन. गेल्या दिवाळीतही तीनच सांगितले होते."

"चल माझ्याबरोबर. सरांना हेच सांग."

"उठता येत नाही गं. गुडघे समोरच्या भिंतीला टेकलेत."

मी त्याचे गुडघे ओलांडले. तेवढ्यात सरांचा फोन आला.

"शर्वाणी, एक बारीकसं काम वाढवतोय. बटणाचा रंग."

खिडकी एक हात मागे सरकली.

"सर, थांबा. मी येतेय. वीस कामांत हे एक बसवायचंय."

"ये की. तोवर लोगो जरा मोठा करून घेऊ."

मी फोन बंद करून खिशात टाकला आणि पळायला लागले. सर बोलत राहिले; आता त्यांचा आवाज खिडकीकडूनच येत होता. तारखेचा फॉन्ट, स्वागताचं फूल, फुलाला पाकळ्या. दोन्ही खांदे घासायला लागले, तशी मी अंग आडवं करून चालू लागले. मग पोट आत घेतलं. फोन खिशात वाजत होता. लोखंडेबाईच असणार. हात खिशापर्यंत वळेना.

"फोन उचल ना," सर म्हणाले. आता ते समोर दिसत होते, चार हातांवर.

"सर, हे कार्ड घ्या. तीन दिवसांचं काम आहे. माणसं हेलपाटे घालतायत."

"हो हो, महत्त्वाचंच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मीही केला. आमच्या बोटांमध्ये वीतभर अंतर उरलं. तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने टेबलावरचं कोरं कार्ड उचललं, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि माझ्याकडे बघून हसत काहीतरी म्हणाले. पण दोन्ही भिंती माझ्या कानांना टेकल्या होत्या.