रिकाम्या डब्याचं वजन

चिंधी समुद्राकडे फडफडत होती. यंत्राच्या तिपाईला वारा कळावा म्हणून बांधलेली, उधन्याच्या गिरण्यांतल्या कुठल्याशा साडीची जांभळी किनार… म्हणजे वारा जमिनीवरून, आपण आलो तेव्हापासून हाच, आणि सकाळी लवकर आलेला आपला सहायक पराग तर म्हणतो हजीऱ्याकडून, समुद्रकाठच्या कारखान्यांकडून होता. प्राध्यापक दिलीपरावांच्या मनात पाल चुकचुकली. सुरतच्या विमानतळावर, चाचणीसाठी सुरू केलेल्या इंजिनाच्या गर्जनेत तीही ऐकू यावी हे विशेष.

यंत्र दुरूनच गरम धुराकडे बघे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांवरून त्यातला कार्बन मोनॉक्साइड मोजे. पण त्याआधी नुसती हवा मोजून ती वजा करायची, तूप घेताना आधी रिकामा डबा तोलतात तशी. आज डबा परागनं तोलला होता आणि तो भलताच जड भरला होता. कारखान्यांचा धूर आला सर, असं त्याचं म्हणणं. तेवढं वजा केलं की इंजिन अगदी धुतल्या तांदळासारखं… आणि ज्या कंपनीचं इंजिन, तिथंच परागची नोकरी ठरत आलेली, नोकरीवर गौरीचं लग्न. माझ्या लेकीचं. साखरपुड्यात तो पाया पडला तेव्हा मला केवढा आवडला होता – तेव्हाही हिशेबानंच वाकला असेल का? संशय मोठा चिकट. परवा त्यानं गौरीसाठी आणलेल्या सुरती घारीच्या मिठाईलाही आता वास यायला लागला. मोजणी पुन्हा करायची, तर का, ते सगळ्यांना सांगावं लागणार. गौरीलाही.

“पराग, नुसती हवा घेतलीस तेव्हा वारा कुठून होता?”

परागनं चिंधीकडे पाहिलं नाही. कामावर तो चुकूनही नातं काढत नसे. इथं सर, घरी बाबा, हा त्याचाच नियम.

“हजीऱ्याकडूनच होता, बाबा.”

हा खोटं बोलतोय, हे दिलीपरावांना त्याच क्षणी कळलं. कळलं, आणि छातीत काहीतरी ऊबदार पसरत गेलं – मुलगा नसलेल्या माणसाला हा शब्द कुठं लागतो ते याला ठाऊक असणार, नक्की ठाऊक असणार… पुन्हा मोजू या, एवढंच तर म्हणायचं होतं. ते म्हटलं की हा परत सर म्हणेल, असं मनात आलं, आणि त्याचं वाईट वाटलं. मग परागपेक्षाही त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना.