पात्याखालचं पातं

दादाच्या दाढीत कुणी नाक खुपसायचं नाही, हा त्या घरातला कायदा होता. काचबिंदूने दादाचे डोळे नेले आणि डोळ्यांमागोमाग हातातली कामंही एकेक करून गेली. शिंप्याच्या मोठ्या दुकानात तो कापड कापायचा, सगळा बाजार त्याला मास्तर म्हणायचा, ते गेलं. वाचणं गेलं, एकट्याने रस्ता ओलांडणं गेलं. राहिली ती दाढी. रोज सकाळी न्हाणीघरात उभं राहून, आरशाकडे सवयीने तोंड करून, तो जुन्या दुधारी पात्याच्या रेझरने दाढी करायचा. तेवढ्या वेळात बायकोलासुद्धा आत यायची परवानगी नव्हती.

"आता आरसा कशाला लागतो हो तुम्हाला?" वहिनी बाहेरून चिडवायची.

"मला नाही लागत. त्याला माझी सवय झालीय," आतून उत्तर यायचं.

धाकटा भाऊ मागच्या खोलीत राहायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे जेवणखाण दादा-वहिनींकडेच. त्याची सगळी नोकरी कारखान्यात यंत्रांना संरक्षक जाळ्या बसवण्यात गेली होती. जिथे माणसाची बोटं जाऊ शकतात, तिथे आधी याची जाळी जायची. दुरुस्तीसाठी जाळी काढावी लागली, तर यंत्रावर लाल पाटी टांगल्याशिवाय तो पाणी प्यायलाही जायचा नाही. त्यावरून पोरं त्याची टर उडवायची, पण त्याच्या हाताखालच्या कुणाचं बोट कधी गेलं नाही.

असा माणूस निवृत्त झाला की घरात नसते उद्योग सुरू होतात. त्याने स्वतःच्या रेझरवर प्रयोग केला. एका जुन्या पात्याच्या दोन्ही धारा कात्रीने छाटायच्या, उरलेली बोथट पट्टी नव्या पात्याखाली ठेवायची आणि रेझरची टोपी आवळायची. नवं पातं केसभर वर उचललं जातं, त्याच्याखालच्या, गालाला टेकणाऱ्या आडव्या दांड्याच्या आडून थोडं जास्त बाहेर येतं, आणि एका हातात गाल काचेसारखा होतो. फक्त हात हलका हवा. रेझर दाबायचा नाही, त्याच्या वजनानेच चालू द्यायचा. धाकट्याला ते जमलं आणि तो स्वतःवर भलताच खूश झाला.

तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण एकदा दादाला त्याच्या जुन्या दुकानात गप्पा मारायला सोडताना त्याने तिथल्या दोन कारागिरांना कुजबुजताना ऐकलं.

"मास्तरांनी आज मापात कापलं नाही रे. काठाला उरलंय."

दादाच्या जबड्याखाली आणि कानाजवळ दाढीचे पांढरे पुंजके राहिले होते. ते रोजच राहायचे. घरात सगळ्यांना दिसायचे आणि कुणी बोलायचं नाही. पण बाहेरच्यांनी हसावं? ज्याच्या कात्रीला सगळा बाजार वचकून असायचा, त्या माणसाला?  घरी येईपर्यंत धाकटा धुमसत होता.

दादाला सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं, की बाबा रे, तुला हेही धड जमत नाही. ते धाकट्याच्याने होईना. म्हणून दादा दुपारी आडवा झालेला असताना त्याने गुपचूप त्याचा रेझर उघडला आणि पात्याखाली पट्टी घातली. मग वाटलं, दादा घाईत असतो, आणखी एक असू दे. दोन पट्ट्या घालून त्याने टोपी आवळली. बाहेरून रेझर जसाच्या तसा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून ओरडण्याचा आवाज आला नाही. एवढंच ऐकू आलं, "अगं, जरा फडकं दे."

वहिनीने दार उघडलं आणि किंचाळली. जबड्याच्या हाडालगत चांगली खोल चीर गेली होती. फेस लाल झाला होता आणि दादा बेसिनला धरून खुळ्यासारखा उभा होता. दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, नशीब, चीर शिरेपासून लांब होती. यापुढे विजेचं यंत्र वापरा. वहिनी रडत होती. दादा मात्र एकच वाक्य बोलला.

"हात गेला माझा."

 चूक कुठे झाली ते धाकट्याला पट्टीवरच्या मापासारखं स्वच्छ दिसत होतं. दादा रेझर गालावर टेकवून, दाबून चालवायचा. आंधळ्या माणसाला गाल कळायचा तो त्या दाबावरून. पात्याखालचा तो आडवा दांडा म्हणजे रेझरची जाळीच होती, आणि तीच धाकट्याने निकामी केली होती. पाटीही लावली नव्हती.

दोन-तीन दिवसांत बोलू, टाके निघाले की बोलू, असं तो स्वतःला समजावत राहिला. पण दादा काही दाढीपुरता थांबला नाही. त्याने चहा गाळायचं सोडलं. "सांडेन मी," म्हणाला. जिन्यावर वहिनीचा हात मागू लागला. दुकानात जायचं नाव काढलं, तर म्हणाला, "लोकांच्या मध्ये कशाला लुडबुड?" दिवसभर खुर्चीत दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून बसायचा. जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते.

एका दुपारी वहिनी त्याला घास भरवताना दिसली, आणि धाकट्याला राहवेना.

"दादा, हात तुझा गेलेला नाही. माती मी खाल्लीय."

त्याने सगळं सांगितलं. पट्ट्या, दुकानातली कुजबुज, पुंजके. वहिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"भाऊजी," ती म्हणाली, "गळा कापला असता हो त्यांचा."

"हो."

 मग दादाने विचारलं, पण कापल्याबद्दल नाही.

"पुंजके राहायचे?"

"राहायचे."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"आणि तुम्ही दोघं रोज बघत होतात?" दादाचा आवाज चढला. "मला आंधळ्याला नटवून बाजारात पाठवत होतात? एका शब्दाने सांगता येत नव्हतं? डोळे गेलेत माझे, कान नाही गेले!"

धाकटा मान खाली घालून उभा राहिला.  वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून—"

"आता फार बरं वाटतंय!"

तो तरातरा उठला. कुणाचा हात न धरता न्हाणीघरात गेला आणि रेझर घेऊन आला. टोपी उघडली, पातं कडेला धरून बाजूला ठेवलं आणि बोटांनी खाली चाचपलं.

"एक. आणि ही दुसरी." पट्ट्या त्याने टेबलावर टाकल्या. पातं जागेवर बसवून टोपी आवळली, अंगठा धारेवरून आडवा फिरवून बघितला. त्याच्या तोंडावर अपघातानंतर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"पाणी आण गं. आणि साबण. धाकट्या, बस खाली."

"कशाला?"

"माझ्या जबड्याला टाके आहेत. तुझ्या नाहीत."

धाकटा बसला. अपराधी मनाने त्याने कितीतरी दिवसांत दाढी केली नव्हती. दादाने त्याच्या तोंडाला फेस फासला, डाव्या हाताने त्याचा गाल ताणला आणि रेझर टेकवला. धाकट्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. वहिनीने तर तोंडच फिरवलं.

"घाबरलास?" दादाने विचारलं.

"हो."

"मीपण. हलू नकोस."

 मग दांडा गालावर टेकला, दाब बसला आणि रेझर कानापासून खाली सरळ उतरत आला. दादा नाकाने श्वास घेत होता, कापड कापताना घ्यायचा तसा. एक गाल झाला. हनुवटी झाली. गळ्यापाशी धाकट्याने डोळे मिटले आणि दादाने तिथेही हात आखडला नाही. कुठे ओरखडासुद्धा उठला नाही.

"झालं," दादा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "बघ आरशात."

धाकट्याने बघितलं. गाल स्वच्छ होता, पण उजव्या कानाखाली पांढरा पुंजका तसाच राहिला होता. एवढा वेळ धीराने बसलेला माणूस आता पुन्हा गडबडला. आज, या घडीला, हे सांगायचं? वहिनी त्याच्याकडे बघत होती. तिलाही तो दिसला होता.

"कसं झालंय?" दादाने विचारलं.

"चांगलं झालंय," धाकटा म्हणाला. "पण राहिलंय थोडं."

"कुठे?"

धाकट्याने दादाचं बोट धरलं आणि आपल्या कानाखाली नेऊन टेकवलं.