समोरच्या भिंतीवरचं पोस्टर

सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि वायरलेसच्या डोळ्यांत पहिलं काय घुसलं, तर मेडलवाल्याचा चेहरा. समोरच्या भिंतीवर, चांगला दरवाजाएवढा. डोक्यावर तिरपी टोपी, छातीवर मेडल आणि ओठांवर असं हसू, जणू सगळं जग यानेच वाचवलंय. खाली नव्या पक्षाचं नाव ठळक अक्षरांत.

वायरलेस हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. फौजेत वायरलेसचा सेट सांभाळायचा म्हणून दोस्तांनी ठेवलेलं. फौज सुटली, नाव सुटलं नाही. आता तो मिक्सर, पंखे, रेडिओ दुरुस्त करायचा. एका कानाने त्याला कमी ऐकू यायचं, आणि दुसऱ्या कानाने जे ऐकायला नको तेच नेमकं ऐकू यायचं.

"भावजींचा फोटो काय झकास आलाय हो!" डबा घेऊन आलेली बायको रस्त्यातच थांबून म्हणाली.

"कॅमेरा चांगला असला की कुणाचाही फोटो चांगला येतो."

"तुमचा नाही येत. आपल्या लग्नातला बघा एकदा." ती हसली, हसता हसता तिला धाप लागली, आणि तिने पदराआडून पंप काढून तोंडात दोनदा मारला. हा पंप माजी सैनिकांच्या दवाखान्यातला. त्यांच्या संघटनेच्या हॉलखालीच दोन खोल्यांचा तो दवाखाना होता. जुना पक्ष म्हणत होता, तो बंद करून सगळ्यांना मोठ्या शहरातल्या इस्पितळात पाठवू. नवा पक्ष म्हणत होता, चालू ठेवू. बायकोचं राजकारण तिथंच सुरू होऊन तिथंच संपत होतं.

"दवाखाना ठेवतील त्यांच्या बाजूने बोला आज संघटनेच्या बैठकीत," ती म्हणाली. "बाकीचं सगळं घाला चुलीत."

वायरलेसने मान हलवली. खरं म्हणजे त्यालाही तेच पटत होतं. पण डबा उघडला तरी घास काही घशाखाली उतरेना. समोर ते हसू होतं ना!

हे दुखणं आजचं नव्हतं. भरतीच्या दिवशी दोघे एकाच रांगेत उभे होते. वायरलेस पुढे, हा मागे. आयत्या वेळी वायरलेस बुटाची नाडी बांधायला वाकला आणि हा पठ्ठ्या सरळ पुढे सरकला. त्याला एक नंबर आधीचा मिळाला, वायरलेसला नंतरचा. तेव्हापासून हा कायम एक नंबर पुढे. पुढे लढाईत, धुक्यातल्या एका पहाटे, ओढ्यापलीकडे आपले तिघं जखमी होऊन पडले होते आणि मधल्या जमिनीत सुरुंग पेरलेले. वायरलेस खड्ड्यात बसून, सुरुंगांचा नकाशा मांडीवर घेऊन, मोडकी एरियल हाताने उंच धरून वाट सांगत होता. मेडलवाला ती ऐकून जात होता आणि एकेकाला खांद्यावर घालून आणत होता. शेवटच्या खेपेला तोफगोळा खड्ड्याशेजारी पडला आणि वायरलेसचा कान गेला. मेडल मिळालं खांदेवाल्याला. कानवाल्याला मिळाली कानात घालायच्या थेंबांची बाटली.

दुपारी मेडलवाला स्वतः दुकानात टपकला. त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. हात लोखंडाच्या किसाने माखलेले, आणि पोस्टरकडे बघून लाजत होता. लाजतोय कसला, मिरवतोय, असं वायरलेसला वाटलं.

"गड्या, ते पक्षवाले प्रचारसभेत पहिल्या रांगेत बसा म्हणतायत. मी सांगितलं, दोन खुर्च्या ठेवा, नाहीतर एकही नको. येशील ना?"

"मी कशाला? मेडल तुझं."

"अरे, पण वाट तुझी होती."

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर वायरलेसने त्याला गळामिठी मारली असती. पण हा म्हणाला म्हणून त्याचा अगदी तिळपापड झाला. म्हणजे मोठेपणाही याचाच! ताटातलं उष्टं वाढतोय आणि वर वाढप्याचा मानही घेतोय. "बघू," एवढंच म्हणून तो पंख्याच्या पात्यांत डोकं घालून बसला. मेडलवाला आपल्या दुकानाकडे परतला.

संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले. संघटनेचा रिवाज फौजेतलाच होता. सर्वांत कनिष्ठाने आधी बोलायचं, साहेबाने शेवटी. साहेब आधी बोलला तर खालचे नुसत्या माना डोलावतात, म्हणून. प्रत्येकाने एकदाच बोलायचं, दुसऱ्यांदा नाही. शेवटी ज्या बाजूला जास्त माणसं, त्या बाजूला सगळी संघटना. गावातले निम्मे लोक यांच्याकडे बघूनच मत द्यायचे, त्यामुळे दोन्ही पक्ष यांना टरकून असायचे.

आधी मेसचा जुना आचारी उठला. "दवाखाना राहिला पाहिजे. माझे गुडघे शहरापर्यंत पोचायचे नाहीत," असं म्हणून बसला. दोघेतिघे इकडे बोलले, दोघेतिघे तिकडे. मग वायरलेसची पाळी आली. त्याच्यानंतर मेडलवाला आणि सगळ्यांत शेवटी कप्तानसाहेब.

वायरलेस उभा राहिला. खिडकीतून दुसरं एक पोस्टर दिसत होतं. तिथंही तेच हसू.

"दवाखान्याचं गाजर मला दिसतंय," तो म्हणाला. "पण भिंतीवर काय चिकटवलंय तेही दिसतंय. आपण काय साबणाची जाहिरात आहोत? आज आपले फोटो लावतील, उद्या त्यावर दुसरे चिकटवतील. जो पक्ष सैनिकाचा कागद करतो, त्याला माझा पाठिंबा नाही. माझं मत जुन्या पक्षाला."

हॉलमध्ये कुजबुज झाली. दोघांनी तर टाळ्याच वाजवल्या. वायरलेसच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता उठू दे याला, तो मनात म्हणाला. आता याला माझ्या विरोधात बोलावं लागेल, फोटोची बाजू घ्यावी लागेल, आणि मग दिसेल सगळ्यांना कोण कसा आहे ते.

मेडलवाला उठला. काळी पडलेली बोटं त्याने विजारीला पुसली.

"मला वाटलं, मान देतायत," तो म्हणाला. "हे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पण त्या धुक्यात याने सांगितलं, ओढ्याच्या वरच्या अंगाने जा, मी गेलो. थांब म्हणाला, थांबलो. एकदाही विचारलं नाही, नक्की का म्हणून. हा सांगतो तेव्हा मी स्वतः बघत बसत नाही. माझंही मत जुन्या पक्षाला."

आणि तो बसला. इतकंच.

आचाऱ्याने डोक्याला हात लावला. कप्तानसाहेब चष्मा पुसू लागले. आता सगळी संघटना तिकडे जाणार, हे दगडालाही कळत होतं. वायरलेसच्या कानात, जो कान गेला होता त्याच कानात, बायकोची धाप ऐकू यायला लागली. जिंकला होता तो. आयुष्यात पहिल्यांदा मेडलवाला त्याच्या मागून आला होता, आणि आला होता तो सरळ सुरुंगावर.

साहेब उठणार तेवढ्यात वायरलेस उभा राहिला.

"एकदाच बोलायचं असतं," साहेब म्हणाले. "नियम माहीत आहे ना?"

"साहेब, संदेश चुकीचा गेला तर वायरलेसवाल्याने दुरुस्ती पाठवायचीच असते. तोही नियमच आहे."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पाठव."

"दुरुस्ती," वायरलेस म्हणाला. "त्या पोस्टरवर माझा फोटो असता, तर मी यातलं अक्षरही बोललो नसतो. मी जळत होतो, म्हणून बोललो. दवाखाना पाहिजे. माझं मत नव्या पक्षाला. आधीचा संदेश रद्द."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मेडलवाल्याने मान वर केली, वायरलेसकडे बघितलं, आणि लढाईत प्रत्येक वेळी म्हणायचा तसं म्हणाला, "मिळालं." मग साहेबांना म्हणाला, "माझंही तेच करा, साहेब. फक्त भिंतीवरचे फोटो उतरवायला सांगतो मी पक्षवाल्यांना. हा जळून बोलला असला, तरी खरं बोलला."

संघटनेचा पाठिंबा नव्या पक्षाला गेला. जिन्यावरून उतरताना लोक मेडलवाल्याच्या पाठीवर थापा मारत होते. मोठ्या मनाचा माणूस, म्हणत होते. वायरलेसच्या पाठीवर कुणाचा हात पडला नाही, आणि इतकं सगळं होऊनही त्याला ते टोचलंच.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तर समोर शिडी. मेडलवाला वर चढून, पत्र्याच्या तुकड्याने स्वतःचा चेहरा खरवडत होता. टोपी निघाली होती. हसू अजून होतं.

वायरलेस रस्ता ओलांडून गेला आणि त्याने शिडी धरली.

"पक्षवाले काय म्हणाले?"

"चिडले. खुर्ची गेली." वरून कागदाचे कपटे वायरलेसच्या डोक्यावर पडत होते. "इथं खाली डिंक फार घट्ट बसलाय रे. मला वरून दिसत नाही. कुठून घेऊ?"

शिडी हलत होती, पाय ठेवायला जागा अडचणीची होती, आणि कालच ज्याने याला खोटी वाट दाखवली होती तोच खाली उभा होता. तरी हा त्यालाच विचारत होता.

"डावीकडून घे," वायरलेस म्हणाला. "सावकाश."

"मिळालं," म्हणत मेडलवाल्याने खाली न बघता पाय डावीकडे टाकला.

इतकी वर्षं वायरलेसला त्या मेडलचा हेवा वाटत आला होता. आज शिडी धरून उभा असताना त्याला पहिल्यांदा त्या माणसाचाच हेवा वाटला, आणि हा मेडलच्या हेव्यापेक्षा कितीतरी जास्त झोंबला.