पित्ताचा थेंब

“मानवजातीने आजवर पित्ताचा घोर अपमान केला आहे,” असं पित्तगुरूंनी माइकवर गंभीरपणे जाहीर केलं आणि लगेच त्यांना करपट ढेकर आला. तोही माइकवर. भक्तांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गुरू रुग्णाच्या बोटाला सुई टोचत, रक्त सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर घेत आणि पडद्यावर गोल ठिपके दिसले की आवाज खाली आणत. “हा पाहा तुमचा कर्करोग.” मग त्यावर शेवाळी रंगाचा एक थेंब. ठिपके बघता बघता विरघळत, लोक डोळे पुसत, आणि त्याच द्रवाचा कप रुग्णाच्या हातात येई. बकऱ्याचं पित्त. तुंबलेल्या मोरीसारखा वास, वर तरंगणारे बुळबुळीत धागे. माणसं नाक दाबून ते भक्तिभावाने गिळत होती.

काकांना शोधत आलेली त्यांची पुतणी दारातच थांबली. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या पेशींवर पित्तातली आम्लं काय करतात, हे पाहणं हीच तिची प्रयोगशाळेतली नोकरी. पण पित्त पिणारी माणसं ती पहिल्यांदाच पाहत होती. त्यांतच पुढच्या रांगेत तिचे शिंपीकाका, हातात कप. त्यांच्या अन्ननलिकेतली गाठ लवकर सापडली होती, शस्त्रक्रियेची तारीख परवाची होती आणि काकांनी ती आज सकाळी परस्पर रद्द करून टाकली होती.

“काका, कप खाली ठेवा.”

“अगं, डोळ्यांनी पाहिलं मी. विरघळतात.”

“मग माझंही बघा,” म्हणत ती मंचावर चढली.

गुरूंनी हौसेने तिचं बोट टोचलं. ठिपके आले. हिलाही सुरुवात झालीय, असं त्यांनी हळहळून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, गुरूंचं स्वतःचं बोट का टोचू नये? गुरूंना अचानक वेळेची टंचाई जाणवली. पण भक्तांनाच उत्साह आला. गुरूंचं निर्मळ रक्त पाहायचं भाग्य कोण सोडणार? गुरूंना बोट पुढे करावं लागलं. पडद्यावर गोल ठिपके, अगदी तसेच.

“अरेरे, गुरूंनाही?” मागून एक आजोबा कळवळले.

“आजोबा, तुम्हालाही आहेत. या रक्तातल्या तांबड्या पेशी. ज्याला नाहीत, तो इथे बसलेला नसतो.”

मग तिने चहाच्या टेबलावरून भांडी घासायचा पातळ साबण मागवला आणि पाण्यात कालवून त्याचा थेंब टाकला. ठिपके विरघळले. पित्त आपल्या पोटात चरबी फोडतं, साबणासारखं, असं तिने सांगितलं. दाट थेंब पडला की पेशीचं चरबीचं वेष्टणही फुटतं, निरोगी असो वा रोगी. प्रयोगशाळेतला प्रत्येक नवशिका एकदा पित्त जास्त ओततो, पेशी मेल्या म्हणून नाचतो आणि वरिष्ठांच्या शिव्या खातो. गुरू अजून नाचतच होते.

ती खाली येऊन काकांशेजारी बसली.

“थोडं थोडं पित्त वर अन्ननलिकेत चढत राहिलं तर पेशी मरत नाहीत, काका. बिघडतात. तुमच्याकडे सगळ्या कपड्यांचे कागदी नमुने असतात ना? तसे प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराचे असतात, त्यांना जनुकं म्हणतात. अन्ननलिकेची पेशी आपल्यापुरते उघडते. पित्त लागत राहिलं की ती आतड्याचे नमुने उघडू लागते. आणि रोगी पेशीत पित्त वाढीची जनुकं जागी करतं. हे मी रोज पाहते. तुम्ही आगीला रॉकेल पाजताय.”

काकांनी हातातल्या कपात वाकून पाहिलं.

“डोळ्यांनी दिसलं म्हणून मानू नका. हेच निरोग्यावर केलं तर काय होतं, एवढं विचारा. कुणालाही, मलासुद्धा.”

मंचावर आता फक्त माइक उरला होता. काकांनी कप खुर्चीखाली सरकवला.

“डॉक्टरांना फोन तूच कर, मला लाज वाटते. तारीख तीच मिळते का बघ.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “आणि एक घोट गेलाय गं. चूळ भरायला पाणी बघ ना कुठे.”