पडद्यावरचे नोकर

सूर्यकांतांनी लॅपटॉपवरचं चित्र थांबवलं. पांढरा कोट घातलेला एक कृष्णवर्णीय नट ट्रे घेऊन दाराशी उभा होता. शंभर वर्षांपूर्वीच्या हॉलिवूडमधला मूकपट.

"याला पुढे मोठं काम मिळालं का गं?" त्यांनी नातीला विचारलं.

"वन्स, आजोबा. डॉक्टर प्ले केला त्याने. बट ती फिल्म लॉस्ट आहे."

दिया दुबईत सिनेमा शिकत होती. या एलायस मॉर्टनवर ती छोटा माहितीपट करत होती. हमाल, आचारी, बटलर, अशीच कामं त्याने वर्षानुवर्षं केली. नामावलीत बहुतेकदा नावही नसे. निवेदन तिला आजोबांच्या आवाजात, मराठीत हवं होतं. सूर्यकांतांनीही मराठी सिनेमांत आयुष्यभर नोकरच रंगवले होते.

शारजातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा मुलगा अंकुर सगळ्यांना सांगायचा, बाबा बँकेत होते. लहानपणी शाळेत मुलं त्याला 'ए रामू, पाणी आण' म्हणून चिडवायची. एकदा तो रडत घरी आला, आणि तेव्हापासून सूर्यकांतांनी घरात कधी सिनेमाचा विषय काढला नाही. आताही त्यांनी दियाला नाहीच म्हटलं. ती हटेना, तेव्हा बाबाला विचारून ये म्हणाले. अंकुरने नुसती मान डोलावली.

कॉलेजात माहितीपट दाखवला त्या संध्याकाळी अंकुर ऑफिसातून परस्पर आला आणि शेवटच्या रांगेत बसला. शेवटी पडद्यावर आजोबांचं नाव आलं, पुढे 'अभिनेते'. टाळ्या थांबायच्या आतच अंकुर गाडी आणायला निघून गेला.

परतताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबला होता. दियाला मागच्या सीटवर झोप लागली.

"बाबा," अंकुर समोर बघत म्हणाला, "दार उघडायच्या आधी तुम्ही जरासे थांबायचात. का?"

"कुठल्या सिनेमात?"

"सगळ्याच."



"बाहेर कोण आलंय, हे त्या नोकराला कुठे माहीत असायचं? मला वाटायचं, एखाद्या वेळी त्याचंच कुणी आलं असेल. गावाहून. मुलगा वगैरे."

पुढच्या गाड्या सरकल्या. मागून हॉर्न वाजायला लागले, तरी अंकुरची गाडी जागची हलली नाही.