न छापलेला रकाना

साहेब, आरोग्य खात्यात बसून तुम्ही मंजूर केलेल्या एका कागदानं आठ वर्षांच्या पोरीचा जीव जवळजवळ घेतला होता. कागद तुमचा, पेन दुसऱ्याचं, सही तिसऱ्याची. म्हणजे गुन्हा कोणाचाच नाही! आता काय घडलं ते ऐका. आणि वाचकहो, तुम्हीही ऐका. उद्या त्या खाटेवर तुमचं लेकरू असू शकतं.

मुलांच्या अतिदक्षता विभागात चौथ्या खाटेवर भिंगरी होती. एका जागी टिकत नाही म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव. जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंडी खेळायला गेली आणि डोकं फरशीवर आपटलं. मेंदूला सूज, घशात नळी, श्वासाला यंत्र आणि मेंदूवरचा ताण वाढू नये म्हणून गुंगीचं औषध सतत चालू.

डोक्याला मार लागलेल्या मुलाची शुद्ध गुणांनी मोजतात. डोळे उघडतं का, बोलतं का, सांगितल्यावर हात हलवतं का. प्रत्येकाला कमीत कमी एक गुण. भिंगरीचे एक, एक, एक, बेरीज तीन. त्याखाली गुणच नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला. तीन, तीन, तीन, तीन. मुलांच्या मेंदूचे तज्ज्ञ, हुशार माणूस. तोंडावर खरं बोलतात अशी ख्याती, आणि तिचा त्यांना थोडा तोराही होता. त्यांनी भिंगरीच्या बापाला बाजूला घेतलं.

"आशा ठेवू नका. चार वाजता बसू. यंत्र किती दिवस चालू ठेवायचं, ते ठरवावं लागेल."

बाप बसचा ड्रायव्हर. त्यानं हात जोडले. "तुम्ही तरी खरं सांगितलंत, साहेब."

आई मात्र आडवी आली. "डॉक्टर, ती ऐकते हो! काल गुंगीच्या औषधाची सिरिंज बदलताना ते जरा थांबलं होतं, तेव्हा मी कानात म्हटलं, भिंगरे, सुईत दोरा ओवून दे गं. मी शिवणकाम करते, मला दिसत नाही, रोज तीच ओवून देते. तर तिनं अंगठा आणि बोट जुळवलं."

"आईला असं वाटतंच," डॉक्टर म्हणाले. "ती आपोआप होणारी हालचाल असते." आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

हे सगळं मोठ्या सिस्टर ऐकत होत्या. तीस वर्षं याच वॉर्डात काढलेल्या. त्यांनी डॉक्टरांना औषधांच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"सर, हे तीन गुण मोजले कोणी?"

"तक्त्यात आहेत ना."

"तक्ता मोजत नाही, माणूस मोजतो. पहिल्या दिवशी पापण्या इतक्या सुजलेल्या की उघडायला फटच नव्हती. घशात नळी, ती बोलणार कशी? आणि हात? गुंगी तर आपणच दिलीय! बाहेरून कुलूप आपण लावायचं, दारावर थाप मारायची, आणि आतून ओ आली नाही म्हणून घर रिकामं आहे असं गावभर सांगायचं. हा कुठला न्याय, सर?"

डॉक्टरांनी ज्युनिअर डॉक्टरीणबाईंना हाक मारली. "आज तपासलंस तिला?"

ती स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. "कालचेच उतरवले, सर."

"मग रिकामं सोडायचं!"

"रिकामं सोडलं की बेरीज होत नाही. बेरीज नसली की तक्ता वरच्या कार्यालयातून परत येतो, शिवाय नोटीस. 'तपासता आलं नाही' असा रकानाच नाही त्यात." मग ती अगदी हळू म्हणाली, "आणि सर... खाली सही तुमचीच आहे. चारही दिवस."

डॉक्टरांचे कान तापले. चार दिवसांत एकदाही त्यांनी भिंगरीचा हात हातात घेतला नव्हता!

मेंदूवरचा ताण कालपासून उतरला होता. त्यांनी गुंगीचं औषध बंद करवलं आणि खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. बारा वाजले, दोन वाजले. तीनला त्यांनी सांगून पाहिलं, "बाळा, मूठ आवळ." काही नाही. पुन्हा. काही नाही. सिस्टर म्हणाल्या, "तिची मालकीण बाहेर बसलीय. तिला बोलवा."

आई वाकली. "भिंगरे, दोरा ओव गं."

पापण्या थरथरल्या. अंगठा सरकत सरकत बोटापाशी आला आणि चिमूट झाली. डॉक्टरांनी आईला गप्प राहायला सांगितलं. हात सैल पडला. पुन्हा बोलायला सांगितलं; पुन्हा चिमूट! तीनदा तपासलं. तिन्ही वेळा पोर ऐकत होती.

चारला बैठक झाली, पण बोलले डॉक्टरच. "मी तुमच्या मुलीला तपासलंच नव्हतं. कागद वाचून तुम्हाला सांगितलं. माझं चुकलं."

बापानं खिशातला फोन काढून समोर ठेवला. मग म्हणाला, "सकाळी तिच्या मामाला मी फोन केला. शेवटचं बघून जा म्हणालो. माझ्या तोंडानं म्हणालो, साहेब. ते आता परत कसं घेऊ?"

"ती चालेल का, बोलेल का, आज मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग हेच सकाळी म्हणायचं होतं!" आई म्हणाली. "माहीत नाही म्हणायला लाज वाटली होय?"

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी पट्टी घेऊन तक्त्यावर एक उभा रकाना आखला. वर लिहिलं, 'तपासता आलं नाही, कारण'. ज्युनिअरला म्हणाले, "इथून पुढे हे आधी भरायचं. आणि आईनं काय पाहिलं, तेही लिहायचं."

नागरिकहो, माहीत नसताना 'माहीत नाही' म्हणणं हा कमीपणा नाही. न तपासता 'संपलं' म्हणणं, हे पाप आहे. खाटेशेजारी बसलेल्या आईला वेड्यात काढू नका. आणि तुमच्या लेकराबद्दल कोणी निकाल सांगितला, तर आधी विचारा, आज हात लावून पाहिलंत का? औषध कधी बंद केलं होतं?

आणि साहेब, तो तक्ता तुमच्या कार्यालयातून तिसऱ्या दिवशी परत आला. लाल शाईत शेरा: 'छापील नमुन्यात फेरफार करू नये.' भिंगरीनं तोवर दोन्ही डोळे उघडले होते. डॉक्टरांना लाज वाटली, त्यांनी ती सगळ्यांसमोर कबूल केली. तुम्हाला कधी वाटणार? तो रकाना कधी छापणार? आणि तो नव्हता तोवर किती मुलांच्या नावापुढे तीन लिहून यंत्रं बंद झाली?

आकडा द्या, साहेब. आणि या वेळी आधी मोजा, मग लिहा.